दुभाष्या

पितळेचं टोपण. छडीच्या खालच्या टोकाला बसवलेलं, बोराएवढं, एका बाजूनं चेपलेलं... चष्मा शोधायला म्हणून नागोरावनं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बोटांना हेच लागलं — गार, आत जराशी माती. नाटकातली छडी तर गेल्या उन्हाळ्यात वाळवीनं संपवली. कोपऱ्यातून उचलली तर हातात भुगा आला आणि हे टोपण तेवढं फरशीवर पडून टणटणत खाटेखाली गेलं. ते आपण काढलं कधी, खिशात घातलं कधी, आणि मुख्य म्हणजे कशाला, हे त्याला काही केल्या आठवेना. चष्मा डोळ्यांवरच होता.

"साहेब, समोर बसा. मांगं लई दाटी हाय," काळीपिवळीचा ड्रायव्हर म्हणाला.

म्हणजे याच्याही लेखी साहेबच. ड्रायव्हर फार तर विशीचा, शेवटचं नाटक होऊन बारा वर्षं झालेली, यानं काय पाहिलं असणार — पण मारेगावात नागोरावला नागोराव म्हणणारी माणसं आता शोधावी लागतात. शाळेत तीस वर्षं चपराशी होता, घंटा वाजवली, फळे पुसले, आणि हेडमास्तर भर वर्गात म्हणायचे, साहेब, जरा पाणी आणता का? सगळा वर्ग हसायचा. तोही हसायचा. घारे डोळे, गोरी कातडी, धारदार नाक — त्यांच्या वस्तीत असं मूल जन्माला आलं तेव्हा आजूबाजूच्या बाया काय काय बोलल्या असतील ते असो, पण त्या तोंडावर त्याची चाळीस वर्षं निघाली. नाटकमंडळात गोरा साहेब म्हणजे नागोराव. दुसरी भूमिका नाही. हुंड्याचं नाटक असो, दारूबंदीचं असो, भीमजयंतीला पाण्याच्या हक्काचं असो, मध्येच कुठूनतरी साहेब यायचाच, कारण तो आला नाही तर लोक उठून स्टेजजवळ येत आणि विचारत, साहेब बिमार हाय काय? हुंड्याच्या नाटकात इंग्रज साहेबाचं काय काम, हे कुणी कधी विचारलं नाही. त्यानंही नाही.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ओट्या बांधलेल्या बाया वाकून वेचत होत्या. आणि सकाळपासून डोक्यात फिरत असलेलं ते पुन्हा सुरू झालं.

सकाळी अश्वजितचा फोन आला होता. अश्वजित म्हणजे दौलतचा मुलगा, लाईनमन आहे. "काकाजी, या न आज. बाबा बोलून राह्यले." दौलत बोलतो आहे! अकरा दिवस झाले होते दौलतला झटका येऊन... उजवी बाजू गेली, वाचा गेली, यवतमाळच्या दवाखान्यातून परवाच घरी आणलं होतं. "बोलून राह्यले, पण समजून नाही राह्यलं," अश्वजित पुढं म्हणाला. "एकच एकच म्हणतात. आमाले काही नाही समजत. तुमाले समजंल."

"मले?"

"मंग कोनाले? तुमच्याच भाषेत बोलून राह्यले ते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. फोनवर सोपं होतं, समोर तोंड नव्हतं. पण नागोराव नुसता 'बरं, येतो' म्हणाला आणि फोन ठेवला.

तुमची भाषा.

साहेबाला मराठी येत नाही, गावाला इंग्रजी येत नाही, म्हणून मध्ये दुभाष्या. साहेब खुर्चीत, हातात छडी, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी. दुभाष्या दौलत, काळा, बुटका, कमरेत वाकलेला. साहेब काहीतरी बरळणार आणि दुभाष्या त्याचं मराठी करून सांगणार, एवढाच खेळ. नागोरावला इंग्रजीचा गंध नव्हता. शाळेत स्टाफरूममधल्या रेडिओवर इंग्रजी बातम्या लागत, त्या ऐकून ऐकून त्यानं फक्त चाल उचलली होती — कुठं चढायचं, कुठं उतरायचं, कुठं नाकातून बोलायचं. बाकी तोंडाला येईल ते. टॉमटॉम, ब्लॅस्टर, यॅस यॅस, गुडबाय विहीर. आणि दौलत? दौलत दुपारीच त्या गावात जाऊन चहाच्या टपरीवर बसायचा, कुणाकडे काय चाललंय ते काढून घ्यायचा, आणि रात्री ते सगळं साहेबाच्या तोंडी घालायचा. "साहेब म्हणते, या गावात हातपंप तीन, अन् तिन्ही सरपंचाच्याच आंगणात कसे?" लोक लोळायचे. सरपंच पहिल्या रांगेत बसून हसायचा, कारण बोलणारा साहेब होता, दौलत बिचारा फक्त सांगत होता. गावाला जे बोलता येत नव्हतं ते गाव माझ्या तोंडून ऐकून जायचं... आणि माझ्या तोंडून काय निघायचं? गुडबाय विहीर.

एक गोष्ट मात्र दोघांची होती. दौलतला लांबचं दिसत नसे आणि चष्मा घातलेला दुभाष्या त्याला पटत नसे. हसू ऐकू यायचं, पण कोण हसला नाही, कुणाचं तोंड वाकडं झालं, कोण उठायच्या बेतात आहे, हे त्याला कळायचं नाही. ते खुर्चीतून साहेबाला दिसायचं. म्हणून छडी. फळीवर दोन टोले म्हणजे बरोबर, चल पुढं. एक टोला म्हणजे चुकलं, बदलून सांग. लोकांना वाटायचं साहेब चिडखोर आहे. मंडळातल्या इतरांनाही ते माहीत नव्हतं, घरच्यांना तर नाहीच. चाळीस वर्षांत दोघांनी ठरवून केलेली तेवढीच एक गोष्ट, बाकी सगळं ज्याचं त्यानं केलेलं.

पण लोकांना वाटायचं, यांची काहीतरी भाषा आहे खास. आणि या दोघांनाही तो मोठेपणा आवडला! टपरीवर, लग्नात, एसटीत, चार माणसं बघत आहेत असं दिसलं की सुरू — हा टॉमटॉम म्हणायचा, तो ब्लॅस्टर म्हणायचा, मग दोघं हसायचे. कुणी विचारलंच तर दौलत गंभीर तोंडानं सांगायचा, "आमची दोघाईची हाय ते. दुसऱ्याले शिकवत नाही."

काळीपिवळी फाट्यावर थांबली. "साहेब, उतरा," ड्रायव्हर म्हणाला, आणि मागची एक बाई हसली, नुसत्या साहेब या शब्दाला. नागोरावच्या चेहऱ्यावर आपोआप साहेबाचं ते तोंड आलं, भुवया वर, ओठ खाली. आलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली. दौलत तिकडे पडलाय आणि माझं तोंड...

या तोंडाचं तसंच आहे. एकदा नेरला त्यानं हट्टानं दुसरी भूमिका मागून घेतली होती, मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापाची. पंधरा दिवस पाठांतर केलं, एकांतात रडून बघितलं, खरं रडू आलं. आणि नेरला पडदा वर गेला, तो नुसता उभा होता, पाठ लोकांकडे, आणि वळला — आणि मंडप फुटला. मुलगी गळ्यात पडून रडतेय, हा डोळे पुसतोय, आणि लोक पोट धरून हसतायत. आत आल्यावर दौलत म्हणाला होता, "जाऊ दे लेका. लोकाईचा काय दोष?" दोष कुणाचाच नव्हता, म्हणून तर रागवायला जागा उरली नाही.

अश्वजित अंगणातच उभा होता. "जय भीम काकाजी," म्हणाला आणि हात धरून त्याला आत न नेता बाजूला, बैलगाडीच्या जुनाट चाकापाशी घेऊन गेला. तिथं हळू आवाजात त्यानं सगळं सांगितलं. मानेतली नस चारातले तीन हिस्से बंद आहे. दुसरा झटका येऊ शकतो, उद्या येईल, महिन्यानं येईल, येणारही नाही. नागपूरला ऑपरेशन होतं, पण या वयात टेबलावरच काही झालं तर... डॉक्टर म्हणाले, करायचं तर लवकर करा, आणि पेशंटची इच्छा काय आहे तेही बघा. तीन वाजता गाडी सांगून ठेवली होती.

"पेशंटची इच्छा," अश्वजित म्हणाला आणि एकदम हसल्यासारखं केलं. "इच्छा सांगूनच राह्यले न ते. रोज सांगून राह्यले. दाराकडं हात करतात अन् म्हणतात. मले वाटते न्या म्हणतात, नागपूरले. दाराकडं कायले हात करतील नाही तं? पण आई ऐकत नाही. तुमी सांगाल तं ऐकंल."

"अश्वजित, बाबा रे," नागोरावनं सगळा धीर गोळा केला. "ते भाषा-बिषा काही नव्हतं. मी उगाच बडबडो, अन् तुहा बाप त्याच्या मनानं सांगे. खोटं होतं सगळं."

अश्वजितनं त्याच्याकडे बघितलं. पंचेचाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि त्या क्षणी चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला, कुणीतरी हातातली वस्तू काढून घेतल्यासारखा. मग तो मान हलवायला लागला. "नाही काकाजी. आता या टायमाले मस्करी नका करू. मी बाबाले इचारलंतं एकदा, मोठा झाल्यावर इचारलंतं, की हे खरं हाय काय. तं ते म्हणे, नागोराव काईबी बोलो, मले समजते."

काईबी बोलो, मले समजते...

दौलत असं म्हणाला? माझ्याशी कधी म्हणाला नाही. त्याला सवयच होती म्हणा, मुलासमोर छाती फुगवायची, खोटं बोलायचं आणि ते छान बोलायचं. पण जे झाकून ठेवलं होतं ते वर आलं — झरी जामणीकडचं ते गाव, पस्तीस वर्षांपूर्वीचं, सागाच्या पानांचा मांडव, आणि दुपारी एसटीच्या कंडक्टरनं माझ्या हातात दिलेली चिठ्ठी. आई वारली, लवकर ये. एवढंच. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी चिठ्ठीची घडी केली आणि साहेबाच्या कोटात ठेवली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळं मंडळ माझ्याभोवती तोंडं पाडून बसलं असतं, आणि मी रडलो असतो, आणि मला... खरं सांगायचं तर मला भीती वाटली, की माझं रडणारं तोंड बघून त्यांच्यातला एखादा हसेल. नेरचं तोवर होऊन गेलं होतं.

खुर्चीत बसलो. टॉमटॉमनं सुरुवात केली, आणि मग काय झालं कोण जाणे, तोंड थांबेना. शब्द एकही नव्हता, पण मी सांगत होतो... की ती गेली, की परवाच तिनं जवसाची चटणी बांधून दिली होती, की डबा अजून ट्रंकेत आहे, अर्धा भरलेला. आवाज फाटला. साहेबाचा आवाज फाटतो हे लोकांना फारच आवडलं. दौलत कमरेत वाकून माझ्याकडे बघत होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ, मग लोकांकडे वळला आणि म्हणाला, "साहेब म्हणते, मले मायी माय आठवून राह्यली. ते तिकडं विलायतेत एकटी पडली, अन् मी इथं तुमच्या विहिरी मोजून राह्यलो!"

केवढे हसले लोक. त्या गावात तेवढं हसू पूर्वी कधी झालं नसेल. त्यानंतर मी उठलो, बसलो, छडी आपटली, काय केलं काही आठवत नाही. हसण्याचा आवाज तेवढा आठवतो. त्याला कळलं कसं? कंडक्टरनं सांगितलं असणार, टपरीवर भेटला असणार. म्हणजे माहीत होतं, आणि तरी माझी मेलेली आई त्यानं हशासाठी काढली... आणि माहीत नसेल तर? सकाळच्या गाडीत तो न सांगता माझ्या शेजारी येऊन बसला. मारेगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर तेवीस वर्षं आम्ही एका स्टेजवर उभे राहिलो, एका ताटात जेवलो, आणि ते एक मी पोटात ठेवलं, तसंच, न पचलेलं.

"काकाजी, चला न आत."

खोलीत अर्ध्यापर्यंत कापूस भरलेला होता, भिंतीला टेकून छतापर्यंत गेलेला, आणि उरलेल्या जागेत दाराजवळ लोखंडी पलंग. बाबासाहेबांच्या फोटोची फक्त वरची कड दिसत होती. कापसामुळे खोलीत आवाज घुमत नाही, सगळं दबकं येतं, आणि अंगाला खाज सुटते. दौलत उताणा पडला होता. उजवा गाल खाली ओघळलेला, डावा जसाच्या तसा. अर्धा दौलत. त्यानं नागोरावला पाहिलं आणि डाव्या बाजूनं काहीतरी झालं, ते हसू असेल.

"दबाली," दौलत म्हणाला.

नागोराव स्टुलावर बसला.

"दबाली ते. दबाली... नो. दबाली." चढ होता, उतार होता. वाक्य होतं ते, पुरतं वाक्य, मध्ये थांबून विचार केलेलं. डावा हात उचलून त्यानं दाराकडे नेला आणि परत छातीवर आणला. अश्वजित 'मी गाडीवाल्याले पाहतो' म्हणत बाहेर गेला. तो गेल्याबरोबर रुखमाबाई चहा घेऊन आल्या, बशी नागोरावच्या हातात दिली आणि तिथंच भिंतीशी उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पोरगा आयकत नाही. ते घरीच ठेवा म्हणतेत. दाराकडं हात करतेत पाहा, दार लावून घ्या म्हणतेत. पन्नास वर्षं झाले मले, मी वयखत नाही काय? तिकडं नेलं अन् काही झालं तं मले तोंडबी पाहाले भेटणार नाही." पदर डोळ्यांना लावला नाही त्यांनी, नुसतं बघत राहिल्या. "पण मी म्हटलं तं अडाणी बाई म्हणन. तुमी सांगा. तुमचं नाव आयकून पोरगा गप बसंल."

एकच हात, एकच दार. आयुष्यभर माझी कुणी एक गोष्ट गंभीरपणे घेतली नाही आणि आज घेतायत तर ही! आणि मला दौलतच्या बोलण्यातलं ओ की ठो कळत नाही, एकच दार दोन माणसांनी दोन बाजूंनी कडी धरून ओढावं तसे हे दोघं, आणि मध्ये मी, साहेब, ज्याला कुठलीच भाषा येत नाही.

रुखमाबाई कप घेऊन गेल्या. थोडा वेळ दोघंच होते. नागोरावनं स्टूल पुढं ओढलं, अगदी कानाशी गेला. विचारायला हवं होतं एक आणि त्यानं विचारलं दुसरंच.

"दौलत. झरीकडच्या त्या गावात, तवा... तुले माहीत होतं काय रे? मायी माय गेल्याचं? कोनी सांगितलंतं का, तुह्या तुलेच कळलं?"

दौलतचे डोळे त्याच्यावर स्थिर झाले. तो बोलला. बराच वेळ बोलला, थांबून, श्वास घेऊन, एकदा तर डावी भुवई वर करून. त्यात उत्तर होतं. उत्तर होतं हे नागोरावला स्पष्ट दिसत होतं. "दबाली. दबाली ते... दबाली ते नो. दबाली." आणि मग डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्यातूनही आलं, पण झटक्यानंतर असं पाणी येतंच, त्याचा अर्थ काही नसतो, अश्वजितनं मघाशीच सांगून ठेवलं होतं.

पस्तीस वर्षं मी थांबलो, आणि आज विचारलं. आज.

पावणेतीनला सगळे आत आले. अश्वजित पायथ्याशी, रुखमाबाई उशाशी, सून दीपा दारात, हातात भरलेली पिशवी — टॉवेल, ताट, चादर, नागपूरला न्यायची. सगळ्यांचे डोळे नागोरावच्या तोंडावर. इतकं शांत, इतकं वाट बघणारं पब्लिक त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

"बाबा," अश्वजित वाकून म्हणाला, "काकाजी आले हायेत. सांगा त्याईले काय सांगाचं ते."

दौलतनं नागोरावकडे पाहिलं, हात दाराकडे नेला, परत आणला. "दबाली. दबाली ते नो."

आणि नागोरावनं काय केलं? ज्याची सवय होती तेच केलं. चाळीस वर्षांत त्याला एकच काम नीट येत होतं, लोकांचे चेहरे वाचणं — कुणाचं तोंड वाकडं होतंय, कोण उठायच्या बेतात आहे. त्यानं दौलतवरून नजर काढली आणि समोर बघितलं. अश्वजितचा चेहरा थकलेला होता, पण उभा होता, काहीही ऐकलं असतं तरी उभा राहिला असता. रुखमाबाईंचा चेहरा... तो बघवेना. आणि तोंडातून निघून गेलं, अगदी स्पष्ट, दौलतच्याच ठेक्यात, "घरीच ठेवा म्हणते. कुठी नेऊ नका म्हणते."

रुखमाबाई मटकन पलंगाच्या कडेला बसल्या आणि रडायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. दीपानं पिशवी खाली ठेवली. अश्वजित क्षणभर बापाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं. बरं बाबा. तुमच्या मनासारखं." त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट सुटल्यासारखं होतं काहीतरी, आणि तेच नागोरावला जास्त लागलं. फोन काढत तो अंगणात गेला.

ठक्.

दौलतचा डावा हात. मूठ वळलेली, पलंगाच्या लोखंडी पट्टीवर. एक टोला.

कुणाचं लक्ष नव्हतं. कापसात आवाज विरला. रुखमाबाई रडत होत्या, दीपा त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. आणि असतं, तरी त्यांना काय कळलं असतं? एक टोला म्हणजे काय, हे या जगात दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकाची वाचा गेलेली.

चुकलं. बदलून सांग.

की नुसताच हात पडला? कपाळाकडे नेत होता, निसटला? मूठ पुन्हा वर आली होती आणि हवेत थांबली होती, पट्टीपासून वीतभर. दुसरा आला तर दोन, म्हणजे बरोबर. नाही आला तर... बाहेर अश्वजित फोनवर बोलत होता, "हाव, राहू द्या. नाही, बाबाच नाही म्हणून राह्यले. त्याईनंच सांगितलं." हाक मारायला हवी होती. अश्वजित, थांब, गाडी नको सोडू. पण काय सांगणार, एक टोला झाला म्हणून? आणि रुखमाबाईंच्या देखत? आणि नेलं आणि टेबलावरच काही झालं तर, तेही माझ्याच तोंडून? नागोरावचा हात नुसताच खिशात गेला आणि ते पितळेचं टोपण मुठीत आलं. मुठीत आलं आणि मग ते आठवलं — डोक्याला नाही, हातालाच आठवलं. सागाच्या पानांचा मांडव, लोक लोळतायत, दौलत लांबचं न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे वळून बघतोय, विचारतोय, आणि माझा हात. माझा हात छडी उचलतो आणि फळीवर मारतो.

एक, दोन.

मीच मारले होते. सवयीनं असतील, हशा पडला म्हणून असतील, पण दोन. म्हणजे बरोबर, दौलत, चल पुढं. तो आयुष्यभर ते धरून चालला असेल, की त्या दिवशी त्यानं नागोरावचं बरोबर सांगितलं, आणि म्हणून तर सकाळी शेजारी येऊन बसला असेल, न बोलता, बोलायचं काही उरलंच नाही म्हणून. आणि मी पस्तीस वर्षं त्याला गुन्हेगार करून ठेवलं होतं.

मूठ अजून हवेत होती. अंगणातला फोन संपला होता, अश्वजितच्या चपला दाराकडे येत होत्या. रुखमाबाई म्हणत होत्या, "भाऊजी, तुमचे लई उपकार झाले." नागोरावनं ऐकलं, पण तिकडे बघितलं नाही. या वेळी त्यानं लोकांकडे बघितलंच नाही. तो दौलतच्या तोंडाकडे बघत राहिला, अर्ध्या पडलेल्या, अर्ध्या शाबूत, आणि टोपण मुठीत इतकं आवळलं की चेपलेली कड तळव्यात रुतली.

"दौलत," तो हळूच म्हणाला, "मार न लेका."